आडनाव नसलेल्या पाहुण्यांचं स्वागत

लग्नात माइकवर बोलणाऱ्या माणसाला नक्की काय म्हणतात, हे इतकी वर्षं बोलूनही मला ठाऊक नाही. शहरात हल्ली निवेदक म्हणतात. आमच्याकडं, नाशिकच्या आसपासच्या गावांत, "तो माइकवाला कुठं गेला बघा" एवढंच म्हणायचे. भटजींना दक्षिणा मिळते, बँडवाल्यांना बिदागी मिळते. मला जेवण आणि टॉवेल मिळायचा. आमच्या घरात आजवर कुणी टॉवेल विकत आणलेला नाही.

दिवसा मी पंचवटीत बियाणांच्या दुकानात असायचो आणि लग्नसराईत माइकवर. काम ऐकायला सोपं आहे. अक्षता पडेपर्यंत, आलेल्या पाहुण्यांची नावं घेऊन स्वागत करत राहायचं. आधी गाव, मग पद, मग नाव. पद गेलेलं असेल तर 'माजी' हा शब्द असा हळू म्हणायचा, की तो ऐकूही जाऊ नये आणि आपण खोटेही ठरू नये. पाहुणा अजून घोटीच्या नाक्यावर चहा पीत असला, तरी "यांचं नुकतंच मंडपात आगमन झालेलं आहे" असं ठोकून द्यायचं. आणि एकही नाव राहू द्यायचं नाही. नाव राहिलं की तो माणूस उठतो, त्याच्यामागं त्याची भावकी उठते आणि पंगतीतली अख्खी ओळ रिकामी होते. मालेगावच्या बाजूला एकदा माझ्याकडून नवरदेवाच्या मामाचं नाव राहिलं. मामा जाऊन हायवेवर उभ्या ट्रकच्या सावलीत बसला. त्याला आणायला नवरदेवाला घोड्यावरून उतरून जावं लागलं आणि घोडा तेवढ्यात मंडपाची फुलं खाऊन गेला. तेव्हापासून मी झोपेतसुद्धा नावं घेतो असं आमच्या हिचं म्हणणं आहे.

अशा माणसाला एका खोलीत जावं लागलं, जिथं आडनाव घ्यायची बंदी होती. ती हकिगत सांगतो. दाजींना विचारूनच लिहितोय. दाजी म्हणाले, "माझं लिही. बाकीच्यांची नावं बदल. आडनाव माझंबी नको." म्हणून या लेखात कुणालाच आडनाव नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शकूताईचे यजमान. रंगनाथ. मखमलाबादला त्यांची शेती. झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला, सगळं पहाटे गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात. आणि जोडीला लाउडस्पीकरचा सेट: दोन कर्णे, अॅम्प्लिफायर, बॅटरी, टेम्पो. मशीन दाजींचं आणि तोंड माझं, अशी आमची भागीदारी. गंमत अशी, की हा माणूस आयुष्यभर माइकजवळ राहिला, पण माइकमध्ये "हॅलो, हॅलो, चेक" याच्या पुढं एक शब्द कधी बोलला नाही. माइक चालू झाला की तो माझ्या हातात द्यायचा आणि मागं जाऊन बसायचं. मागं बसूनच प्यायची सवय लागली. लग्नघरी साउंडवाल्याला बाटली देणं हा तेव्हा पाहुणचार होता.

नव्वदीच्या मध्यावर ती सवय हाताबाहेर गेली. शकूताईनं त्यांना वणीच्या गडावर नेलं. दाजींनी देवीपुढं शपथ घेतली, मनापासून घेतली, रडले. ती शपथ मखमलाबादपर्यंत व्यवस्थित आली. मग कुणीतरी पुडी दिली, नकळत भाजीत कालवायची. ताईनं वांग्यात कालवली. त्या दिवशी दाजी जेवायला आलेच नाहीत, मी आलो. दोन दिवस मी अंथरुणात होतो आणि दाजी उशाशी बसून काळजीनं विचारत होते, "बाळू, बाहेरचं काय खाल्लं होतं रे?"

हसण्यासारखं एवढंच. भाची, वैशाली, तेव्हा दहावीला होती. पालकसभेला ती मला न्यायची. बाईंनी विचारलं, वडील का येत नाहीत, तर म्हणायची, "लग्नात असतात." जून महिना असला तरी लग्नात असतात. घोटीजवळच्या एका लग्नात भटजी 'सावधान' म्हणायला आले आणि माइक बंद. दाजी स्टेजच्या मागं गादीवर झोपलेले. मी "तांत्रिक अडचण" म्हणून ओरडलो आणि सगळी मंगलाष्टकं घसा फोडून म्हटली. मुलीचा बाप नंतर मला म्हणाला, "आवाज चांगला हाय तुमचा. मशीन बदला." मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता.

त्याच मोसमात मला कचरूमामा भेटले. हे नाव अर्थातच बदललेलं. हा माणूस एकेकाळी नाशिक ते वणी पट्ट्यातला वरातीपुढचा पहिल्या नंबरचा नाचणारा. बँडवाले त्यांना बघून सूर बदलायचे. त्या दिवशी बाहेर बँड वाजत होता आणि मामा पंगतीत ताक वाढत होते.

"मामा, पाय दुखतात का?"

"पाय ठीक हायेत."

"मग?"

मामांनी ताकाचा जग खाली ठेवला. "तुझा दाजी मागं झोपलाय ते दिसलं मला. गुरुवारी सांजच्याला त्याला घेऊन ये. गंगेवरच्या शाळेत, मागच्या खोलीत."

"तुम्ही सोडली?"

"सोडली असं म्हणत नाय आम्ही. आजच्या दिवस घेतली नाय, एवढंच." परत जग उचलून ते म्हणाले, "आन् त्याला सोडायला चल म्हणू नको. बसायला चल म्हण. बसायला तो कुठंबी येतो."

दाजी खरंच आले. मफलर नाकापर्यंत गुंडाळून, एप्रिल महिन्यात. शाळेला दोन-तीन दारं, खोली काही सापडेना. समोर चहाची टपरी होती. माझा आवाज मुळात शेवटच्या पंगतीपर्यंत जाणारा. त्याच आवाजात मी विचारलं, "अहो, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठं भरते इथं?"

टपरीवरची सगळी माणसं, शिवाय रिक्षातल्या दोन बायका, वळून दाजींकडं बघायला लागली. दाजींनी मफलर खाली केला, माझ्याकडं बोट दाखवलं आणि शांतपणे सांगितलं, "मेहुणा हाय माझा. याची सोडवायचीय."

टपरीवाल्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. त्याच्या डोळ्यांत एकदम माया आली. "मागच्या दारानं जावा, साहेब," तो म्हणाला. "सुटंल. लय जणांची सुटली." त्या दिवशी त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. पुढं दर गुरुवारी तो मला विचारायचा, "कसं चाललंय?" आणि मी म्हणायचो, "बरं चाललंय." एकदा सुरुवातीलाच खुलासा करायचा राहिला, की पुढं तो करायला तोंड उरत नाही.

खोली पहिली-दुसरीच्या पोरांची. भिंतीवर बाराखडी, बुटके बाक, त्यावर मोठाली माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. कुणी शर्ट-पँटमधला, कुणी धोतरातला, एक कंपनीच्या गणवेशातला. त्या दिवशी घरच्यांनाही आत बसायची मुभा होती. एकेक जण उठून बोलायचा. उठला की आधी म्हणायचा, "मी अमुक." आणि सगळी खोली एका सुरात म्हणायची, "नमस्कार, अमुक." मग तो म्हणायचा, "मी दारुडा आहे," आणि पुढं काय ते सांगायचा.

मी थक्क झालो. मी जन्मभर नावं पुकारत आलो. ज्याचं नाव घेतो तो फक्त आपलं नाव नीट घेतलं का, एवढं ऐकतो. बाकीचे आपापलं नाव यायची वाट बघतात. नाव घेतल्यावर समोरून कुणी उत्तर दिलंय, हे मी प्रथमच पाहत होतो.

नवीन कोण आलंय, असं विचारल्यावर दाजी जमिनीकडं बघायला लागले. मग मला राहवेना. मी उठलो, घसा साफ केला आणि दोन्ही हात जोडून सुरू झालो, "मखमलाबाद येथील प्रगतिशील शेतकरी, साउंड सर्व्हिसचे संचालक, सन्माननीय श्री. रंगनाथराव भिकाजी..." आडनावाच्या आधी कचरूमामांनी मागून माझा शर्ट ओढला. मी बाकावर बसलो, बाक मोडका होता, मी खाली बसलो.

खोली हसली. दाजीही हसले. कितीतरी महिन्यांनी ते शुद्धीत असताना हसले होते. हसण्याच्या भरात ते उठले आणि म्हणाले, "मी रंगनाथ."

"नमस्कार, रंगनाथ."

ते पुढं काही बोलले नाहीत. पण उठून गेलेही नाहीत.

त्यानंतर त्यांच्या खोलीत मला प्रवेश नव्हता. घरच्यांची बैठक शेजारच्या वर्गात भरायची. मी शकूताईला घेऊन यायचो आणि तिथं बसायचो. सगळ्या बायका आणि मी. तिथला नियम असा, की पिणाऱ्याबद्दल बोलायचं नाही, स्वतःबद्दल बोलायचं. माझी पाळी आली. मी म्हणालो, "उपस्थित मंडळी..." पुढं काही सुचेना. ज्याच्या तोंडाला आजवर कधी खंड पडला नव्हता, तो मी, भिंतीवरच्या बदकाच्या चित्राकडं बघत उभा. एक वयस्क बाई म्हणाल्या, "भाऊ, आज नसेल जमत तर चहा घ्या." शकूताई मात्र पहिल्याच दिवशी बोलली. म्हणाली, "माझा भाऊ माइकवर तांत्रिक अडचण सांगायचा. मी घरी शेजारणींना तेच सांगायचे. आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या दारूला लय सांभाळलं." मी खाली मान घालून चहा घेतला.

भिंत पातळ होती. पलीकडचे शब्द कळत नसत, पण तो एकसुरी नमस्कार ऐकू यायचा. "नमस्कार, रंगनाथ." मग शांतता. म्हणजे दाजी नाव सांगून बसले. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. ताई त्या शांततेकडं कान लावून बसायची. पावसाळा उलटत आला असताना एका गुरुवारी नमस्कार झाला आणि शांतता आलीच नाही. दाजींचा आवाज आला. हळू, अडखळत, पण थांबला नाही. काय बोलत होते ते भिंतीतून कळलं नाही. ताईनं कप बाकावर ठेवला आणि पदर तोंडाला लावला. 

इथं गोष्ट संपत नाही, अशा गोष्टी अशा संपत नसतात. पुढच्या लग्नसराईत दाजी एकदा पुन्हा प्याले. चांगले प्याले. मग लाजेनं गुरुवारी जाईनात. कचरूमामा घरी आले. ओट्यावर बसून झेंडूच्या कळ्यांवर कीड पडते त्याबद्दल तासभर बोलले, दारूचा शब्द काढला नाही, आणि उठताना म्हणाले, "चल, गुरुवार हाय." मला वाटलं, तिथं आता दाजींना ऐकून घ्यावं लागणार. आमच्याकडं उशिरा आलेल्या पाहुण्याला टोमणा ठरलेला. त्या गुरुवारी मला जाता आलं नाही; ताई म्हणाली, भिंतीपलीकडून नमस्कार आला तो नेहमीच्याच आवाजात.

त्यानंतर मात्र आजपर्यंत, एकेक दिवस करत, दाजी न पिता राहिले. लग्नाच्या ऑर्डरी पुन्हा यायला लागल्या. बाटली आली की दाजी म्हणायचे, "ती नवरदेवाच्या मोटारीत ठेवा, मला ताक द्या."

दोन हजार सालानंतर वैशालीचं लग्न ठरलं. मुलगा वणीकडचा, द्राक्षबागायतदार घर. व्याही, पुंजारामतात्या, मोठे करारी. बैठकीत त्यांनी एकच सांगितलं, "आम्हाला देणंघेणं काय नको. घर निर्व्यसनी पाहिजे." मी ताबडतोब म्हणालो, "निर्व्यसनी आहे."

ते गेल्यावर दाजी बेचैन. "सांगून टाकतो त्यांना. पोरीला पुढं कुणी टोचायला नको."

ताई म्हणाली, "आज घेत नाही, हे खरं हाय ना? मग तेवढंच राहू द्या."

"अर्धं सांगितलं म्हणजे लपवल्यासारखंच झालं की, शकू."

"लग्न होऊ द्या," ताई म्हणाली. तिथं विषय थांबला. संपला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळू, गुरुवारची माणसं उद्या येतील. माझ्या दारात मान पहिला त्यांचा. त्यांचं स्वागत झालं पाहिजे."

"नावं?"

"नाव कसं घेशील?"

"मग गाव?"

"गावबी नको. त्यांच्यात एक मास्तर हाय, एक बँकेतला हाय."

"दाजी, गाव नाही, पद नाही, नाव नाही. मग मी बोलू काय?"

"ते तुझं काम."

लग्न मखमलाबादच्याच एका लॉनवर. गुरुवारची माणसं एकेकटी आली आणि एकमेकांना ओळख न देता वेगवेगळ्या रांगांत बसली. कचरूमामा वऱ्हाडात, मास्तर बायकोबरोबर कूलरजवळ. मी नावं घेत सुटलो. आजी, माजी, येणारे, न आलेले, सगळे झाले. बोहल्याजवळून दाजी मला खुणा करत होते, गुरुवारच्या माणसांचं राहिलं. मी माइक घट्ट धरला. "तसेच... या मंगलप्रसंगी... काही विशेष निमंत्रित... जे... उपस्थित आहेत..." पुढं शब्द नाही.

वऱ्हाडातून कुणीतरी ओरडलं, "कोण ते? नावं घ्या की!"

दुसरा म्हणाला, "आमचे मावसे असतील. मघापासून राहिलेत."

मावसे उठायच्या तयारीत. मला ट्रकच्या सावलीतला मामा आठवला. तेवढ्यात दाजी चालत आले आणि म्हणाले, "दे इकडं."

ज्या माणसानं आयुष्यात हॅलो-चेकच्या पुढं एक शब्द माइकमध्ये टाकला नव्हता, त्याच्या हातात मी माइक दिला. दाजींनी सवयीनं त्यावर बोटानं टकटक केलं. मग सगळ्या लॉनकडं पाहिलं. माणसाला ज्या जागी बोलायची सवय झालेली असते, तिथलेच शब्द तोंडात येतात. दाजी म्हणाले,

"मी रंगनाथ."

आणि लॉनच्या कोपऱ्याकोपऱ्यातून, कूलरजवळून, वऱ्हाडातून, पार मागच्या आइस्क्रीमच्या टेबलापासून, एका सुरात आवाज आला, "नमस्कार, रंगनाथ."

त्यांनाही सवय होती. बिचाऱ्यांच्या तोंडून निघून गेलं.

सगळं लॉन माना वळवून बघायला लागलं. शकूताईनं माझा दंड धरला, तिची नखं रुतली. कारण पुढचं वाक्य आम्हा दोघांना पाठ होतं. समोर पुंजारामतात्या फेटा बांधून बसलेले, ताठ. वैशाली अंतरपाटाच्या जागी उभी, बापाकडं बघत. दाजी गप्प. मी भिंतीपलीकडून ऐकलेली ती शांतता या वेळी तोंडासमोर ऐकत होतो.

तेवढ्यात तात्या उठले. त्यांना वाटलं असावं, मुलीच्या बापाला असा नमस्कार करायची इकडं पद्धत असेल आणि आपण मागं राहिलो. त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नमस्कार, रंगनाथराव." मग त्यांचं सगळं वऱ्हाड उठलं. सगळं लॉन म्हणालं, "नमस्कार."

दाजींनी माइक तोंडाजवळ धरला. ते म्हणाले, "मी वैशालीचा बाप हाय. ज्यांच्यामुळं हाय, ती माणसं इथं बसली हायेत. त्यांना ठाऊक हाय." थांबून म्हणाले, "कुणी जेवल्याशिवाय जाऊ नका," आणि माइक मला दिला. इतकं चांगलं स्वागत मी आजवर केलेलं नाही.

अक्षता पडल्या. पंगतीत पुंजारामतात्या माझ्या शेजारी येऊन बसले. खांद्यावर हात ठेवला. "बाळासाहेब, एक बोलू का? सोयरीक करायच्या आधी आम्ही चौकशी केली होती. रंगनाथराव गंगेवर फुलं घेऊन येतात, म्हणून तिथं विचारलं. शाळेसमोरचा टपरीवाला म्हणाला, लाख माणूस. स्वतःचा मेहुणा पार वाया गेला होता, त्याला दर गुरुवारी हाताला धरून आणलं आणि माणसात आणलं." तात्यांनी माझ्याकडं अगदी त्या टपरीवाल्याच्या डोळ्यांनी पाहिलं. "तेवढ्यावर सोयरीक केली बघा. आता कसं आहे?"

मी समोर पाहिलं. दाजी मघाशी उठू पाहणाऱ्या मावशांना आग्रह करून जिलेबी वाढत होते. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेला मी म्हणालो, "आजच्या दिवस घेतली नाही, एवढंच."

पुढं दिवाळसणाला दाजींनी व्याह्यांना बसवून सगळं खरं सांगितलं. अर्धं ठेवलं नाही. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रंगनाथराव, मेहुण्यासाठी किती अंगावर घ्याल? असा माणूस बघितला नाही." दाजींनी शपथ घ्यायची तयारी दाखवली. तात्यांना ती आणखीच मोठेपणाची वाटली.

आता लग्नांत माइक नव्या पोरांकडं गेलाय. मी पाहुणा म्हणून जातो, आणि नाव कुणी चुकवलं तरी उठत नाही. वणीकडच्या लग्नात मात्र पुंजारामतात्या भर पंगतीत स्वतः येऊन माझ्या पानापाशी ताकाचा पेला ठेवतात आणि पितो की नाही ते बघत उभे राहतात. पलीकडच्या ओळीत दाजींच्याही पुढं ताकच असतं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघतो आणि पितो.